तक्त्यातला आकडा आणि आपली धावपट्टी

चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान, ३,३०० फुटांची गवताची धावपट्टी आणि रणरणती दुपार. मला विमान चालवायला शिकवणाऱ्या सरांनी विमानाचं हँडबुक पुढ्यात ठेवलं. "निघायचं की नाही, तू सांग."

पहिली चूक लगेच झाली. धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची २,००० फूट, तीच धरून मी उड्डाणाला लागणाऱ्या अंतराचा तक्ता बघू लागलो. तक्त्याला लागते प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेली उंची. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब, होता १००३, प्रमाण दाबापेक्षा १० हेक्टोपास्कल कमी. दर हेक्टोपास्कलला ३० फूट, म्हणजे २,३००. त्या उंचीवर प्रमाण तापमान १० अंशांच्या आसपास असतं, बाहेर ३५ होतं. जादा अंशाला १२० फूट धरले, तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या घनतेच्या हिशेबाने उंची, ५,३०० फूट! इंजिन, प्रोपेलर, पंख, तिघांनाही तिथली विरळ हवा मिळणार होती. परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं, पण त्या दिवशी पोटात गोळा आला.

तक्त्यात २,३०० ची ओळ नव्हती, ३५ चा रकानाही नव्हता. मी मधला आकडा काढायला लागलो, तसं सरांनी थांबवलं. "वरचाच घे. चुकलं तर आपल्या बाजूने चुकू दे." ३,००० फूट, ४० अंश: ग्राउंड रोल, म्हणजे चाकं जमीन सोडेपर्यंतची धाव, १,५००, आणि ५० फूट उंची गाठेपर्यंत २,६००. मला हायसं वाटलं. ७०० फूट शिल्लक!

"हे अंतर कोरड्या, सपाट, पक्क्या धावपट्टीचं. आपली कशी आहे?"

खरा मजकूर तक्त्याच्या वरच्या बारीक टिपांमध्ये होता. उतार मिळावा म्हणून मी जे टोक निवडलं होतं, तिथून ४ नॉट्स (तासाला ४ सागरी मैल) टेलविंड, म्हणजे मागून येणारा वारा होता. हेडविंडच्या, म्हणजे समोरच्या वाऱ्याच्या, दर ९ नॉट्सना अंतरात १० टक्के सूट, टेलविंडच्या मात्र दर २ नॉट्सना १० टक्के वाढ. जमिनीवरचा वेग थोडा वाढवावा लागला, तरी अंतर त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ग्राउंड रोल १,८००, एकूण ३,१२०. गवतासाठी ग्राउंड रोलच्या १५ टक्के, म्हणजे आणखी २७०. बेरीज ३,३९०. धावपट्टी तिथेच संपली होती. ब्रिटनची विमान वाहतूक नियामक संस्था सीएए सुचवते तो १.३३ चा सुरक्षा गुणक तर अजून लावलाच नव्हता. उताराचा फायदा सरांनी मला धरूच दिला नाही.

"नाही निघायचं," मी म्हणालो. सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे १८ अंश, वारा पडलेला, दाब तोच. ३,००० ची ओळ, २० चा रकाना: १,३२० आणि २,२७०. गवताचे १९८. गुणक लावून ३,२८२. जेमतेम, पण सगळं धरून. शिवाय एक प्रवासी कमी केला, त्याची सूट हिशेबात घेतली नाही. धावपट्टीच्या मध्यावर ३८ नॉट्स वेग दिसला नाही तर थ्रॉटल मागे ओढून थांबायचं, असं ठरवलं. मध्याची खूण येण्याआधीच चाकांखालचा खडखडाट थांबला.