छिन्ह्वायच्या पाण्यातल्या दोघी

चीनमधल्या नानजिंगमध्ये आम्ही चार दिवस होतो. त्यातले तीन एका ओळीत संपतात: शहराचा जुना तट, चिनारासारख्या झाडांखालचे रस्ते, आणि बदक सोडून खायला काही मिळेल का हे विचारत केलेली पायपीट. चौथी संध्याकाळ मात्र अजून डोक्यातून जात नाही.

कन्फ्यूशियसच्या मंदिरासमोर छिन्ह्वाय नदीचा घाट आहे. गर्दी अशी की वहिनींचा हात सुटला असता तर रात्रीपर्यंत सापडल्या नसत्या. पाऊण तास रांगेत उभं राहून कंदिलांच्या होडीत बसलो. ध्वनिफितीवर चिनीतून माहिती चालू होती आणि सोबतची दुभाषी विद्यार्थिनी ती इंग्रजीत सांगत होती. या काठच्या कलावंतिणी, त्यांचं रूप, त्यांचं गाणं, त्यांच्यावर भाळलेले कवी. लोक फोटो काढत होते. मला ते ऐकवेना.

कारण सकाळीच मी मंदिराशेजारचं परीक्षागृह पाहिलं होतं. आता तिथे संग्रहालय आहे. भरभराटीच्या काळात तिथे 20,000 हून जास्त कोठड्या होत्या. सरकारी नोकरीसाठी परीक्षा देणारे पुरुष त्या खुराड्यात बसून लिहायचे आणि रात्री तिथेच झोपायचे. मिंग घराण्याच्या काळात (चौदावं ते सतरावं शतक) नदीच्या एका काठाला ही परीक्षा आणि दुसऱ्या काठाला कलावंतिणींचं ‘जुनं आवार’. परीक्षा ज्या खात्याकडे, त्याच खात्याच्या हाताखाली च्याओफांगस, म्हणजे नाचगाण्याचं सरकारी कार्यालय. खात्याचं काम काय, तर धर्मविधी आणि शिष्टाचार! कलावंतिणींची नावं सरकारी वहीत चढत आणि आईची नोंद जन्मतःच मुलीला चिकटे.

सरकारने बायकांचा असा बाजार मांडणं चीनमध्ये त्याआधीही जुनंच होतं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात छी राज्याचा मंत्री क्वान चोंग याने ही सुरुवात केली, असं परंपरा सांगते. पण ‘व्यवस्था’ म्हणून वाचलं की सगळं लांबचं वाटतं. मला जवळचं वाटलं ते 1402 साल.

त्या वर्षी काकाने पुतण्याचं सिंहासन बळकावलं. काका म्हणजे योंगले सम्राट. राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहायला त्याने फांग श्याओरू या विद्वानाला बोलावलं. फांगने नकार दिला. त्याला मारलं, आप्तस्नेही शेकड्यांनी मारले. विरोधातल्या इतर अधिकाऱ्यांच्या बायकामुली च्याओफांगसमध्ये धाडल्या गेल्या. काल ज्या घरात पोथ्या वाचल्या जात, त्या घरच्या लेकी आज सरकारी वहीत! फांगच्या बायकोने आणि दोन मुलग्यांनी आधीच गळफास लावून घेतला. दोन मुलींनी छिन्ह्वाय नदीत उडी घेतली. हाती लागलो तर पुढे काय, हे त्या पोरींना कळत असणारच.

आणि आम्ही त्याच पाण्यावर कंदील लावून फिरत होतो.

वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा होडी एका पुलाखालून चालली होती. त्या जरा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “नावं काय गं त्यांची?”

दुभाषी मुलीने फोनवर मिंग घराण्याचा इतिहास उघडला आणि ती ओळ शोधून काढली. मुलग्यांची नावं आहेत, चोंगश्यान आणि चोंगयू. बायकोचं माहेरचं आडनाव आहे, चंग. मुलींसाठी दोनच अक्षरं: ‘दोन मुली’. “फांग श्याओरू आम्हाला शाळेत होता,” ती हळूच म्हणाली, “मुली नव्हत्या.”

धाडलेल्या बायकांना सोडायचा हुकूम 1424 साली पुढच्या सम्राटाने काढला. बावीस वर्षं! तोवर किती जणी जिवंत असतील? वहीतली ती वंशपरंपरेची नोंद रद्द करायला योंगझंग सम्राटाने 1723 साली सुरुवात केली. हे ऐकून चीनला नावं ठेवायची सोय आपल्याला नाही. पेशवाईत व्यभिचाराचा ठपका बसलेल्या बायकांना सरकारी कुणबिणी, म्हणजे गुलाम दासी, करत, हे आपल्याच दप्तरांत आहे.

मला राग आला तो त्या ध्वनिफितीचा. सुंदऱ्यांबद्दल बोला, पण त्या वहीचंही एक वाक्य सांगा. एवढे पैसे घेता, एवढी माणसं बसवता, मग खरं सांगायला एक मिनिट का नसावं?

दुसऱ्या दिवशी शांघायची गाडी दहाची होती. वहिनींनी मला साडेपाचला उठवलं. घाटावर चिटपाखरू नव्हतं, कंदील विझलेले होते. हॉटेलच्या अंगणात ओसमान्थसच्या झाडाखाली पडलेली बारीक पिवळी फुलं त्यांनी रुमालात गोळा करून आणली होती. पायऱ्या उतरून त्यांनी ती पाण्यात सोडली, दोन वेळा, वेगवेगळी.