रिपोर्ट सुधारले होते

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू होती. निफाडकडच्या एका आबांचा मुलगा फाईल घेऊन माझ्या टेबलाशी आला, चेहरा फुललेला. "मॅडम, युरिया १३० चा ७० झाला. क्रिएटिनीन ९ चं ६. साखर तर इतकी उतरली की इन्सुलिन निम्मं केलं. आता आठवड्याला तीनऐवजी दोनदा डायलिसिस चालेल ना?" ऐन छाटणीत घरातला एक माणूस तीन-तीन दिवस नाशिकला अडकतो, विचारणारच.

मी डायलिसिस युनिटची आहारतज्ज्ञ. फाईल बाजूला ठेवून आधी आबांना पाहिलं. कानशिलं खोल गेलेली, दंडाची कातडी लोंबलेली आणि घोट्यांवर सूज. काट्यावर मात्र वजन तेच, ५४ किलो. मांस झडलं होतं आणि त्याची भरपाई पाण्यानं केली होती.

एका डायलिसिसमध्ये युरिया निदान ६५ टक्के उतरावा लागतो. आबांचा दर खेपेला ७० टक्के उतरत होता, म्हणजे मशीनची तक्रार नव्हती. पण युरिया बनतो प्रथिनांपासून आणि क्रिएटिनीन स्नायूंतून. पोटात प्रथिनं नाहीत, अंगावर स्नायू नाहीत, मग आकडे चढतील कशाचे? किडनी गेली की इन्सुलिनही अंगात जास्त वेळ टिकतं, त्यात जेवण अर्धपोटी. साखर उतरली ती त्यामुळे.

"आबा, जेवता काय?"

"अर्धी भाकर, दोडक्याची भाजी. डाळ बंद हाये ना."

डाळ बंद केली होती डायलिसिसच्या आधी. तेव्हा ते बरोबरच होतं. त्या टप्प्यावर प्रथिनं किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमच देतात. पथ्याचा तो कागद घरच्यांनी लॅमिनेट करून स्वयंपाकघरात लावला होता. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. दर खेपेला रक्तातली अमिनो आम्लं वाहून जातात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. आबांना साठेक ग्रॅम हवी होती, ताटात २५ सुद्धा भरेनात. असले जुने कागद मला नव्या रोगापेक्षा जास्त छळतात.

अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा, त्यात फॉस्फरस अगदी कमी, आणि किडनी गेली की तोही रक्तात साठतो. पण आबा माळकरी. मग मूगडाळ, दही, पनीर. "पनीर लग्नात खायचं असतंय," आबा म्हणाले. काकू मात्र सगळं लिहून घेत होत्या.

डॉक्टरांनी ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं ठरवलेलं वजन, खाली आणलं आणि डायलिसिस तीनदाच ठेवलं.

काही आठवड्यांनी मुलाचा फोन, आवाज पडलेला. "मॅडम, युरिया ११० वर गेला."

"छान झालं! पोटॅशियम?"

"५.१."

"फॉस्फरस?"

"चढलाय थोडा."

"फॉस्फरसची गोळी जेवताना देता ना?"

"सकाळी. बीपीच्या गोळीसोबत."

म्हटलं, काकूंना फोन द्या.