सायकल आणि स्केचबुक: बारा फेऱ्यांनंतरची नोंद

उद्देश पहिल्या फेरीपासून एकच आहे. हाताशी असलेल्या साध्या सायकलवरून आसपासची भित्तिचित्रं, शिल्पं, इमारतींवरचं कोरीव काम आणि विनामूल्य प्रदर्शनं गाठायची, आणि प्रत्येक ठिकाणी निदान एक पान रेखाटायचं. बारा फेऱ्यांनंतर एवढं नक्की सांगता येतं की गाडी पैशापाशी अडत नाही, थांबण्यापाशी अडते. थांबणं कटकटीचं असलं की पाय पॅडलवरच राहतात आणि चांगलं शिल्प मागे पडतं. म्हणून ब्रेक दाबल्यापासून कागदावर पहिली रेघ उमटेपर्यंतचा वेळ मोजायला सुरुवात केली. त्याला इथे थांबवेळ म्हटलंय. खालचा प्रत्येक बदल त्याच मापाने तपासलेला आहे.

फेरी १ ते ३: पाठीवरची सॅक

थांबवेळ साधारण सहा मिनिटं. वेळ कुठे जातो तेही दिसलं: सायकल टेकवायला जागा शोधणं, कुलूप, सॅक उतरवणं, तळाशी गेलेली पेन्सिल, बसायला जागा. सॅकमुळे पाठ घामाने भिजते आणि तोच घाम कपाळावरून कागदावर टपकतो. कागदाला पाणी झटकन शोषू न देणारा सरसाचा लेप असतो. घामाने तो त्या ठिपक्यापुरता बिघडतो आणि नंतर जलरंग लावला की तिथे गडद डाग येतो. हा डाग खोडता येत नाही. सॅक बाद.

फेरी ४ आणि ५: हँडलवरची पेटी

जाहिरातींच्या फलकांना वापरतात तो ४ मिमीचा पोकळ प्लास्टिकचा पत्रा घेतला. जुना फलक मिळाला तर खर्च शून्य. पेटीचं माप २२ × १६ × ७ सेंमी. घडी पत्र्यातल्या नळ्यांच्या दिशेने असेल तर एकच थर कटरने कापायचा, दुसरा बिजागरीसारखा राहतो. आडवी घडी असेल तर कापू नये. स्टीलची पट्टी ठेवून चमच्याच्या पाठीने रेघ दाबून घ्यावी, नाहीतर घडी वेडीवाकडी फाटते. कडांना कापडी चिकटपट्टी, आणि हँडलला बांधायला २.५ सेंमी रुंदीचे दोन वेल्क्रोचे पट्टे.

पहिल्या पेटीत एक चूक झाली. ती थेट हँडलला टेकली आणि ब्रेकच्या केबलला तीव्र बाक आला. त्यामुळे लिव्हर सोडल्यावर ब्रेक पूर्ण सुटत नव्हता, चाक किंचित घासत राहायचं. पेटी आणि हँडलच्या मध्ये २ सेंमी जाडीचे फोमचे दोन ठोकळे बसवल्यावर केबल मोकळी झाली. पेटी बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावं, ब्रेक दाबून सोडून बघावा, पुढचा दिवा झाकला जात नाही ना ते बघावं. लहान फ्रेमवर पेटीचा तळ टायरला लागू शकतो. सामानासकट वजन १ किलोच्या आत ठेवावं, त्यापुढे वळताना हँडल ओढल्यासारखं वाटतं.

याच टप्प्यावर सगळ्यात स्वस्त सुधारणा सापडली. जुन्या ट्यूबचा दीड सेंमी रुंदीचा आडवा काप म्हणजे मजबूत रबरी कडं. ते पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आणि ग्रिपवर मिळून चढवलं की ब्रेक दाबलेलाच राहतो आणि भिंतीला टेकवलेली सायकल पुढे घरंगळत नाही. सायकल नजरेसमोर हाताच्या अंतरावर असेल तर दर वेळी कुलूप उघडबंद करायची गरज उरत नाही. आत जाऊन प्रदर्शन पाहायचं असेल तर मात्र कुलूप हवंच: यू आकाराचं कुलूप मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून आणि पक्क्या खांबाभोवती. चालू करण्यापूर्वी कडं काढायचं विसरू नये, म्हणून ते भडक रंगाने रंगवलं आहे.

थांबवेळ दीड मिनिट.

फेरी ६: एक पट्टी, एक फेरी

बाजारातली तयार स्केचबुकं चांगली असतात, पण ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागदाचं वजन आणि किंमत दोन्ही बोचतात. त्याऐवजी ५६ × ७६ सेंमीचा एक पूर्ण ताव घ्यायचा आणि ५६ सेंमीच्या बाजूचे चार भाग करायचे. १४ × ७६ सेंमीच्या चार पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टीला दर ९.५ सेंमीवर उलटसुलट घडी घातली की आठ पानांची पंख्यासारखी वही तयार होते. एका थांब्याला दोन पानं, म्हणजे १४ × १९ सेंमीचं चित्र. एका पट्टीत चार थांबे बसतात आणि एका तावात चार फेऱ्या. फेरी संपली की पट्टी उलगडून सगळा रस्ता एका नजरेत दिसतो. हा आनंद बांधीव वहीत मिळत नाही.

घडी घालताना कागदाच्या तंतूंची दिशा बघावी. ताव हळूच दोन्ही बाजूंनी वाकवून बघितला की ज्या घडीला कमी ताकद लागते तिची रेघ म्हणजे तंतूंची दिशा. तिला आडवी घडी पडत असेल तर ३०० जीएसएमचा कागद कण्यावर तडकतो आणि तिथे रंग जास्त मुरतो. अशा वेळी आधी सुरीच्या बोथट पाठीने रेघ ओढून मग घडी घालावी. केवळ पेन्सिल आणि पेनाचं काम असेल तर २०० जीएसएम पुरतं. त्याहून पातळ कागद पाण्याने सुरकुतून फुगतो.

पट्टीच्या मागे १५ × २० सेंमीची ३ मिमी प्लायवूडची फळी आणि दोन चिमटे. फळी डाव्या हातावर टेकवून उभ्यानेच काढता येतं. बसायला जागा शोधण्यात जाणारा वेळ वाचला. थांबवेळ एक मिनिटाच्या आत आली.

फेरी ७: हात का थरथरतो

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि उत्तर चित्रकलेत नाही, सीटमध्ये आहे. हँडलवर भार पडला की तळहाताच्या बाहेरच्या कडेजवळून जाणारी अल्नर नस दाबली जाते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं आणि पहिल्या दहा मिनिटांतल्या रेघा तुटक येतात. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि भार हातांवर येतो. सीटवर सपाट पट्टी ठेवून मोबाइलमधल्या पातळीमापकाने बघावं. सीट सपाट हवी. उंची तपासायला पॅडल तळाशी नेऊन त्यावर टाच ठेवावी, पाय अगदी सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पॅडलवर असतो, तेव्हा गुडघ्यात थोडा बाक राहतो. मनगट मागे मुडपू न देता, दर काही मिनिटांनी पकड बदलत चालवावं.

थांबल्यावर पहिली दोन मिनिटं तपशिलात शिरू नये. खांद्यापासून हात फिरवत मोठ्या रेघा, मग कागदाकडे न बघता वस्तूची कड डोळ्यांनी चाळत एक सलग रेघ. तोवर बोटं ठिकाणावर येतात आणि त्या न बघता काढलेल्या रेघेत बऱ्याचदा नंतरच्या चित्रापेक्षा जास्त जीव असतो.

प्रमाणासाठी पुठ्ठ्यात ७ × ५ सेंमीची खिडकी कापून मध्यावर दोन दोरे ताणले आहेत. उभी आणि आडवी, खिडकी दोन्ही प्रकारे कामाची. खिडकीला दोरी बांधून ती गळ्यात घालायची आणि दोरी ताणून धरायची, म्हणजे डोळ्यापासूनचं अंतर दर वेळी तेच राहतं. हे अंतर बदललं की प्रमाण चुकतं. मोठं भित्तिचित्र पूर्ण बघायचं असेल तर त्याच्या रुंदी-उंचीतलं जे मोठं माप असेल त्याच्या दुप्पट अंतरावर उभं राहावं. त्याहून जवळून वरचा भाग आक्रसलेला दिसतो.

फेरी ८: रंग

१० × ६ सेंमीची चपटी पत्र्याची डबी, आत पाच कप्पे. पिवळा पीवाय १५०, गुलाबी पीव्ही १९, अल्ट्रामरीन पीबी २९, थॅलो निळा पीबी १५:३ आणि बर्न्ट सिएना पीबीआर ७. एवढ्यात जवळजवळ सगळं होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून चांगला करडा आणि जवळजवळ काळा मिळतो, त्यामुळे काळा रंग घेतलेला नाही. रंग घेताना नावावर जाऊ नये, नळीवरचा हा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. अस्सल अलिझरिन क्रिमझन, म्हणजे पीआर ८३, उजेडात फिका पडतो. भिंतीला लावून ठेवायच्या चित्रात तो नको.

नळीतला रंग कप्प्यात एकदम काठोकाठ भरला की वाळताना तडकतो आणि खडखडत बाहेर पडतो. अर्धा भरावा, एक दिवस वाळू द्यावा, मग वरचा थर. फेरीनंतर डबी रात्रभर उघडी ठेवावी, नाहीतर बुरशी येते आणि पत्रा गंजतो.

वॉटरब्रशची, म्हणजे दांड्यातल्या नळीत पाणी भरायच्या ब्रशची, गळती ही कायमची तक्रार. उन्हात नळीतली हवा प्रसरण पावते आणि पाणी टोकातून बाहेर ढकलते. अर्धवट भरलेली नळी म्हणूनच जास्त गळते. प्रवासात ब्रश रिकामा आणि टोक वर करून ठेवावा, थांबल्यावर भरावा. पेन घेताना शाई पाण्यात न विरघळणारी, पिगमेंट प्रकारची असावी. कोपऱ्यावर रेघ मारून पाच मिनिटांनी ओला ब्रश फिरवला की लगेच कळतं.

साखळीचं तेल बोटांना असेल तर कागदावर उमटलेल्या ठशावर जलरंग धरत नाही. म्हणून तेल आदल्या रात्री: प्रत्येक रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवणं, आणि बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसणं. पेटीत एक जुना मोजा असतो, साखळी उतरली तर तो हातात घालून चढवायची.

फेरी ९ आणि १०: ऊन आणि रस्ता

रस्ता आखताना अंतरापेक्षा भिंतीची दिशा आधी बघावी. भित्तिचित्राला सावलीतला सपाट उजेड चांगला. थेट उन्हात रंग विटल्यासारखे दिसतात आणि वार्निश असेल तर चकाकतात. उठावाच्या शिल्पाला नेमकं उलटं: ऊन भिंतीला जवळजवळ समांतर घसटत गेलं पाहिजे, तरच सावल्या पडतात आणि उठाव वाचता येतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ही वेळ दुपार व्हायच्या थोडी आधी, ऊन भिंतीवरून निघून जाण्यापूर्वी येते. पश्चिमेच्या भिंतीवर दुपार उलटल्यावर लगेच.

अठरा किलोमीटरचा गोल रस्ता, सरासरी वेग ताशी १५ किमी, म्हणजे ७२ मिनिटं चालवणं. प्रत्येकी २५ मिनिटांचे चार थांबे म्हणजे १०० मिनिटं. एकूण तीन तासांच्या आत. पाचवा थांबा घातला की शेवटची दोन चित्रं घाईची होतात, हे दोन्ही फेऱ्यांत दिसलं. चारच ठेवा. प्रदर्शनाचा दिवस असेल तर तेवढाच एक थांबा. बऱ्याच संग्रहालयांत विनामूल्य प्रवेशाचे ठरावीक दिवस असतात. दालनात पेन आणि रंग सहसा चालत नाहीत, पेन्सिल चालते. आत जाण्याआधी विचारून घ्यावं.

भित्तिचित्राच्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही आणि साल पट्टीच्या मागे उतरवून ठेवतो. काही महिन्यांनी परत गेल्यावर कोणता रंग आधी विटतो ते ताडून बघता येतं.

फेरी ११: घासून घेतलेले ठसे

खडबडीत पृष्ठभागावर कागद ठेवून वरून घासायचं, या पद्धतीला जर्मन चित्रकार मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये चित्रकलेचं तंत्र म्हणून हातात घेतलं आणि फ्रोताज म्हटलं. फुटपाथवरची ओतीव लोखंडाची झाकणं यासाठी उत्तम, त्यांची नक्षी कोणी मुद्दाम बघत नाही. वाहनांच्या रस्त्यातलं झाकण मात्र कधीच नाही. जुने शिलालेख, मऊ दगड आणि स्मारकांवरच्या पितळी पाट्यांनाही हात लावू नये. घासण्याने त्यांची झीज होते.

आधी ब्रशने धूळ झाडायची, नाहीतर प्रत्येक खड्याचा ठिपका उमटतो. पातळ कागद, चारही कोपऱ्यांना मास्किंग टेप, मेणाचा खडू आडवा धरून मध्यातून बाहेर. कागद जरा सरकला की नक्षी दुहेरी होते, तिथे दुरुस्ती नाही, नवा कागद. ग्राफाइटने तपशील जास्त येतो, पण तो पसरतो आणि त्यावर फिक्सेटिव्ह (पसरू न देणारा फवारा) लागतं. मेण पसरत नाही. फक्त ऊन चढायच्या आत काम उरकावं, तापलेल्या लोखंडावर मेण वितळून कागदाला थापलं जातं.

फेरी १२: सायकलीची तपासणी

साखळी मोजली. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी साखळी ३०४.८ मिमी भरते. ३०६.३ मिमी झाली की बदलावी. ३०७.८ पर्यंत ताणली तर मागचे दातेही झिजलेले असतात आणि स्वस्तात सुटणारं काम महाग होतं.

दोन शेजारी भोकं पडलेली ट्यूब म्हणजे हवा कमी असताना खड्ड्यात रिमने चिमटा घेतला. एकच भोक असेल तर टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवून काटा शोधावा, तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही फुटेल. पॅचसाठी काचकागदाने घासणं, सोल्युशनचा पातळ थर, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत थांबणं. ओल्यावर लावलेला पॅच हमखास सुटतो. सोल्युशनची एकदा उघडलेली नळी आपोआप वाळते, ती महिन्यातून एकदा दाबून बघावी.

पुढच्या चार पट्ट्यांचा ताव कापून ठेवला आहे. पेटीचं झाकण अजून वाऱ्याने उघडतं. चुंबकाच्या पट्टीऐवजी ट्यूबचंच एक कडं आडवं लावून बघायचं आहे, त्याने थांबवेळ वाढते का ते पुढच्या नोंदीत.