आशीर्वादावरचा रफार आणि नवीन लॅपटॉप

शेवटी लॅपटॉप बदलला एकदाचा. जुना आठ वर्षांचा होता, १५.६ इंची आणि १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या, म्हणजे ठिपक्यांच्या, स्क्रीनचा. बिजागरी ढिली झालेली, चार्जर एका ठराविक कोनात धरला तरच चालायचा, तरी मी ओढत होतो. पण एप्रिलमध्ये एक लफडं झालं आणि मग ठरवलंच.

मी देवगड तालुक्यात घरीच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवायची, कामं करतो. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, दशावताराची हँडबिलं, शिवरात्र जवळ आली की कुणकेश्वरच्या यात्रेचे बॅनर. तर एका पत्रिकेत खाली बारीक अक्षरात "आपले आशीर्वाद हाच आहेर" अशी ओळ होती. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणला तेव्हा त्यातला रफार उडाला आणि मला तो उडालेला दिसलाच नाही. "आशीवाद". तीनशे पत्रिका छापून आल्या आणि नवरीच्या मामाने पहिलीच हातात घेऊन तिथेच बोट ठेवलं. चूक माझीच, झूम करून बघायला हवं होतं. पण हा शब्द कमी रिझोल्युशनवर, म्हणजे कमी ठिपक्यांच्या स्क्रीनवर, बारीक टायपात बघा कधीतरी. शी ची वेलांटी आणि वा वरचा रफार अगदी शेजारी शेजारी येतात, जुन्या स्क्रीनवर दोन्ही मिळून एकच राखाडी डाग दिसायचा, त्यात रफार आहे की नाही ते देवालाच ठाऊक. १५.६ इंचात १३६६ म्हणजे एका इंचाला जेमतेम १०० ठिपके, त्यात बिचारा ष्ट, ष्ठ, द्ध काय काय दाखवणार. इंग्रजीवाल्यांचं यात फार अडत नाही, आपल्या अक्षरांना वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सगळीकडे काहीतरी लटकलेलं असतं.

मग कणकवलीला गेलो. १४ इंचीचं एकच मॉडेल आणि त्याचे दोन प्रकार, किमतीत फरक हजार-दीड हजाराचा. एक १९२० बाय १२००, टचस्क्रीन, चकचकीत काचेचा. दुसरा २५६० बाय १६००, टच नाही, मॅट म्हणजे न चमकणारा. दुकानदार टचवरच जोर देत होता, आणि खरं सांगतो, मलाही मोह झाला. मोबाईलची सवय अशी लागलीय की जुन्या लॅपटॉपवरसुद्धा मी कधीकधी फोटो मोठा करायला दोन बोटं फिरवायचो.

शिवाय घरात आई. पुण्याहून भावाचा व्हिडिओ कॉल आला की ती लॅपटॉपसमोर बसते, आणि बोलणं संपलं की लाल बटणावर बोट दाबत राहते. "ह्या बंद कसा करूचा रे?" तेही फणस सोलता सोलता उठून आलेली असते, म्हणजे चीक लागू नये म्हणून हाताला चोळलेलं खोबरेल तेल तसंच. तिच्यासाठी टच बरा, असं मनात आलं होतं.

पण मग माझी गिऱ्हाईकं डोळ्यांसमोर आली. पत्रिका करायला येणारी माणसं बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि स्क्रीनवर बोट ठेवूनच बोलतात. "हा गणपती जरा वर घ्या. आणि माझ्या काकांचं नाव ह्या नावाच्या वर." बोट टेकवतात, फिरवतात. आता टच असता तर गणपती खरंच वर गेला असता, काका कुठेतरी खाली गेले असते आणि मी दिवसभर कंट्रोल झेड दाबत बसलो असतो! एका मित्राने सांगितलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन टच बंद करता येतो. येतो की, पण बंदच करायचा तर घ्यायचा कशाला.

आणि दुसरं म्हणजे काच. मी पडवीत बसतो, समोर खळं, पलीकडे माड. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चकचकीत स्क्रीन सुंदर दिसतो, त्यावर तो पोपटा-फुलांचा व्हिडिओ लावलेला असतो त्यात तर फारच. पडवीत त्याच स्क्रीनमध्ये मला माझंच तोंड दिसलं असतं. सगळे टचस्क्रीन चकचकीतच असतात असं नाही, आणि भारी रिझोल्युशनवाले ओएलईडी जातीचे स्क्रीन पण बहुतेक चकचकीतच येतात, त्यामुळे हे त्या त्या मॉडेलवर बघायचं. मी पेनड्राइव्हवर तीच पत्रिका घेऊन गेलो होतो, दोन्ही लॅपटॉपवर १०० टक्क्यांवर उघडली आणि मशीन दाराजवळ उजेडात नेऊन बघितली. दुकानदार वैतागला थोडा, पण मॅटवाल्यावर रफार रफारासारखा दिसला. तोच घेतला.

एक गोष्ट मात्र दुकानात चुकीची सांगतात, की रिझोल्युशन जास्त म्हणजे स्क्रीनवर जास्त मावतं. १४ इंचात २५६० पिक्सेल १०० टक्क्यांवर ठेवले तर मेन्यू मुंग्यांसारखे दिसतात, म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे सगळं किती पट मोठं दाखवायचं ते, वाढवावंच लागतं. माझं १७५ टक्के आहे, म्हणजे हिशेबाने जागा मिळते १४६३ बाय ९१४ एवढी. तो १९२० वाला १२५ टक्क्यांवर १५३६ बाय ९६० देतो, म्हणजे उलट जास्तच! मग मिळालं काय, तर तेवढ्याच आकाराच्या अक्षराला जास्त ठिपके. इंचाला १६२ च्या जागी २१६. मला तेच हवं होतं, पण ज्याला एक्सेलच्या जास्त ओळी बघायच्यात त्याने डोळ्यांचा आणि स्केलिंगचा हिशेब आधी करावा.

त्रासही आहेच. माझं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर या स्क्रीनवर पहिल्या दिवशी असं धूसर दिसलं की पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. मग त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआय सेटिंग बदललं तेव्हा अक्षरं स्वच्छ झाली, पण टूलबारची चित्रं आता एवढुशी आहेत. चालवून घेतोय. बॅटरीवर पण भार पडतो, २३ लाखांच्या जागी ४१ लाख पिक्सेल हलवायचे म्हणजे पडणारच. पावसात इथे फांदी तारांवर पडली की लाईट कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा ब्राइटनेस उतरवून आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो) ६० हर्ट्झवर ठेवून काम ओढतो.

चित्रं काढणारा असता ना कोणी, तर त्याला मी टचच घे म्हटलं असतं, तेही पेन चालतो का ते विचारून, कारण बोटाला ओळखणारा प्रत्येक स्क्रीन पेनाला ओळखतोच असं नाही. मला पेन लागत नाही.

आईचं म्हणाल तर तिला एस्केपच्या शेजारी लाल टिकली चिकटवून दिली, कॉल संपला की ती दाब म्हटलं, आणि त्या बटणाला कॉल बंद करायचा शॉर्टकट लावून ठेवला. रविवारी भावाशी बोलून झालं, तिने टिकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बोट सरळ स्क्रीनवर. मॅटवर खोबरेल तेल पुसलं जात नाही हो पटकन, पसरतं नुसतं. लॅपटॉप बंद करून किंचित ओल्या मऊ फडक्याने दहा मिनिटं पुसत होतो, आणि ती पडवीतूनच ओरडली, "अरे, पण त्याचा थोबाड आता कसा लख्ख दिसता!"