देवळापासून 62 मीटर

आमच्या गावचा नगरपालिकेचा जुना दवाखाना कित्येक वर्षं कुलपात होता. घडीव काळ्या दगडाच्या भिंती, छपराला सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं आणि कमानीवर कोरलेलं साल, 1894. आत कबुतरं, ओसरीवर पत्त्यांचा अड्डा. ज्येष्ठ नागरिक संघाची सचिव म्हणून मी पहिला अर्ज दिला, तो जागेसाठी. म्हाताऱ्यांना विरंगुळा केंद्र, पोरांना अभ्यासिका, आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपी, एवढंच मागणं होतं. इमारत पाडून तिथे नवी बांधली असती तरी त्या वेळी मला काही वाटलं नसतं, हे कबूल करते.

कार्यालयालाही तेच सोयीचं होतं. आरसीसी इमारतीचं अंदाजपत्रक आठवड्यात तयार झालं. नगरसेवकांची मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे ठराव प्रशासकांच्या एका सहीने झाला. पुढे प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीकडे. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. तिथे यादीत नाव लागलं की झालं, असं जो तो सांगत होता.

माशी शिंकली ती देवळामुळे. दवाखान्याच्या मागचं शंकराचं देऊळ केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटर निषिद्ध क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. या नियमाला आमच्या आळीत शिव्या न घालणारं घर सापडायचं नाही. माझ्या नणंदेची माडी त्यातच राहिली. अभियंत्याने टेप लावली. 62 मीटर. म्हणजे नवं बांधकाम नाही आणि आहे ते पाडून तेवढंच पुन्हा उभारणंही नाही. 2010 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून या पट्ट्यात फक्त डागडुजी आणि नूतनीकरण करता येतं, तेही इमारत 16 जून 1992 च्या आधीची असेल तर आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची नाहरकत घेऊन.

"संपलं ताई," अभियंता म्हणाला. मला मात्र घरी येताना वाटलं, आता ती इमारत कुणाला पाडताच येणार नाही.

आता ती 1992 च्या आधीची आहे हे सिद्ध करायचं होतं. कमानीवर साल कोरलंय, फोटो लावला. पण दगडावरचं साल म्हणजे कागद नव्हे! मिळकत पत्रिका काढली, सिटी सर्व्हेचा नकाशा काढला. रेकॉर्ड रूममध्ये तीन दुपारी धूळ खाल्ल्यावर देवी टोचल्याची जुनी वही हाती लागली, पानोपानी दवाखान्याचा शिक्का. तिची साक्षांकित प्रत जोडली. खरं सांगायचं तर त्या वहीत मला माझ्या सासऱ्यांचं नाव मिळालं, म्हणून तिसरी दुपार जरा लांबली.

नाहरकत आली, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. पाडून बांधायचं अंदाजपत्रक सोपं असतं. दुरुस्तीत प्रत्येक भिंतीची तक्रार वेगळी. पुण्याहून आलेल्या वास्तुविशारद बाईंनी मागची भिंत दाखवली. पूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तिला सिमेंटचा गिलावा केला होता. ओल आत कोंडली, मिठं फुटली, शेजारच्या दगडांच्या सांध्यांतला चुना भुसभुशीत झाला. तिथे चुनाच हवा, म्हणाल्या. पण आमच्या अभियंत्याला चुन्याच्या कामाची कलमं सरकारी दरसूचीत सापडेनात. मग दर पृथक्करण, म्हणजे कामाची फोड करून दर काढणं, तीन ठिकाणची दरपत्रकं, वरच्या कार्यालयाची मान्यता. घाण्यावर मळलेल्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतात, तसं बाईंनी लिहून दिलं होतं. लेखापाल फाइल घेऊन माझ्याकडेच आले. "ताई, बांधकामाच्या बिलात गूळ? लेखापरीक्षणात मी काय सांगू?" शेवटी अंदाजपत्रकात 'सेंद्रिय मिश्रण' असं लिहिलं गेलं. गूळ बाजारातूनच आला.

निधी फेब्रुवारीत हाती पडला, आणि 31 मार्चला न खर्चलेला पैसा व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. चुना मात्र आपल्या चालीनं सुकतो. थर द्या, ओला ठेवा, थांबा, मग पुढचा थर. त्याला आर्थिक वर्ष कळत नाही. यावर तोडगा काढला तो एका जुन्या लिपिकाने. आधी छप्पर घ्या, म्हणाला. लाकूड आणि कौलं मोजता येतात, मोजमाप पुस्तिकेत लगेच चढतात. चुन्याचं काम पुढच्या वर्षी स्पिलमध्ये, म्हणजे मागून पुढे आलेल्या कामांत दाखवा. मी इतके दिवस त्याला आडमुठा समजत होते.

दोन पावसाळे गेले. पूर्वीच्या औषधं द्यायच्या खिडकीतून आता दाखल्यांचे अर्ज भरून मिळतात. अभ्यासिकेत सकाळी सातला जागा मिळत नाही. पत्त्यांचा अड्डा पुन्हा ओसरीवर आलाय, फरक इतकाच की आता त्यांना चहा मिळतो.

एक राहिलंय. ओसरीला चार पायऱ्या आहेत आणि चाकाची खुर्ची चढत नाही. पक्का रॅम्प हे नूतनीकरण की नवं बांधकाम, याचं उत्तर यायचं आहे. तोवर सुताराकडून जाड फळी करून घेतली आहे. सकाळी लावतो, संध्याकाळी उचलून आत ठेवतो.