बोवी अंदाज-शीट अपडेट: सातबाराचा कॉलम चालला, टिन मशीन मात्र अडलं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय कारण शीट शेवटी हलली, म्हणजे डेव्हिड बोवीची जुनी रेकॉर्डिंग्ज पुढे कधी आणि कशी निघतील याच्या अंदाजांची माझी शीट. मागच्या वेळी सांगितलं होतं की सहावा बॉक्स आला आणि एरा-बॉक्सची (एकेका कालखंडाचे अल्बम एकत्र देणाऱ्या बॉक्स सेटची) मालिका संपली, आता पुढचे अंदाज कशाच्या जोरावर बांधायचे तेच कळेना. जयंत्या आणि पन्नाशा धरून बसलो तर हाफस्पीडवाले (अर्ध्या वेगाने मास्टर करून पन्नाशीला परत काढलेले व्हायनिल अल्बम) बरोबर येतात, बाकी सगळं हवेत. मग एक नवा कॉलम घातला, त्याचं नाव ठेवलं 'सातबारा', म्हणजे कुठल्या रेकॉर्डिंगच्या उताऱ्यावर कोणाचं नाव आहे ते. आणि राव, अर्धी शीट आपोआप जागेवर बसली.

बघा ना. पहिले तीन बॉक्स २०१५, २०१६, २०१७ च्या सप्टेंबरला, चौथा ऑक्टोबर २०१८ ला. पाठोपाठ. कारण १९६९ ते १९८८ चा माल पार्लोफोन या लेबलकडे म्हणजे वॉर्नर कंपनीकडे एकगठ्ठा होता. मग पाचवा थेट नोव्हेंबर २०२१ ला, कारण नव्वदच्या दशकात हा माणूस सॅव्हेज, अरिस्टा, व्हर्जिन, कोलंबिया असा लेबलं बदलत फिरत होता. आणि सहाव्याला तर सप्टेंबर २०२५ उजाडलं. आपण सगळे 'एवढा उशीर का' म्हणून कंपाइल करणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होतो, पण हीदन, रिअ‍ॅलिटी, नेक्स्ट डे, ब्लॅकस्टार हे सगळे कोलंबियाचे म्हणजे सोनीकडचे, आणि वॉर्नरने २०२१ साली जो करार जाहीर केला त्यात हे अल्बम त्यांच्याकडे यायचे होते २०२३ पासून. त्याच्या आधी बॉक्स निघणारच कसा? फाइल टेबलावर आल्याशिवाय सही होत नाही.

हाफस्पीडचा भाग पटकन उरकतो. अलादिन सेन १४ एप्रिल २०२३, पिन अप्स २० ऑक्टोबर २०२३, डायमंड डॉग्ज २४ मे २०२४, यंग अमेरिकन्स ७ मार्च २०२५, स्टेशन टू स्टेशन २३ जानेवारी २०२६. सगळे शुक्रवार, मूळ तारखेवर किंवा तिच्या अगदी शेजारी. त्याच हिशोबाने लो १५ जानेवारी २०२७ आणि हीरोज १५ ऑक्टोबर २०२७, दोन्ही शुक्रवारच. मी दोन्ही हिरव्या रंगात टाकलेत म्हणजे जवळजवळ पक्के. हीरोजसाठी एक सल्ला, पहिल्या दिवशी उड्या मारू नका. २०१७ च्या बॉक्समध्ये टायटल ट्रॅकमध्येच मध्ये आवाज खाली पडत होता, पार्लोफोनने आधी समर्थन केलं आणि मग बोंबाबोंब झाल्यावर डिस्क बदलून दिल्या. इंग्लंडात बसलेल्याला बदलून घेणं सोपं, आपण कस्टम्स भरून मागवलेली डिस्क परत पाठवायची म्हणजे रेकॉर्डपेक्षा टपाल महाग. (मागच्या पार्सलचा कोपरा कुरियरवाल्याने असा चेपला होता की बॉक्समधलं पुस्तक अजून वाकडं उघडतं. असो.)

आता मुख्य डोकेदुखी. १९८९ ते १९९१.

चौथा बॉक्स १९८८ ला थांबतो, पाचवा १९९२ ला सुरू होतो. मध्ये भोक. त्या भोकात कोण आहे सगळ्यांना माहितीय, टिन मशीन, म्हणजे बोवीचा तेव्हाचा बँड. नेहमीचं उत्तर असं की ते वाईट होतं म्हणून वगळलं. मला हे कधीच पटलं नाही. नेव्हर लेट मी डाउन बॉक्समध्ये घालता, तेही दोनदा, मूळ आणि २०१८ चं नवीन वाजवलेलं, आणि टिन मशीन वाईट म्हणून वगळता? दर्जा हा निकष असूच शकत नाही.

निकष नावाचा आहे. पुरावा पाचव्या बॉक्सच्या सुरुवातीलाच आहे. ब्लॅक टाय व्हाइट नॉइझ तर १९९३ चा, मग बॉक्सवर १९९२ का? कारण रिअल कूल वर्ल्ड हे सिंगल १९९२ चं, एकट्या बोवीच्या नावावर, आणि ते री:कॉल ५ मध्ये, म्हणजे त्या बॉक्समधल्या सुट्या गाण्यांच्या संग्रहात, घेतलंय. म्हणजे त्यांनी अगदी तलाठ्यासारखं पाहिलंय, उताऱ्यावर 'डेव्हिड बोवी' असेल तर आत, 'टिन मशीन' असेल तर बाहेर. आणि टिन मशीन हे सामाईक खातं. रीव्हज गॅब्रेल्स, टोनी सेल्स, हंट सेल्स आणि हा, चौघं बरोबरीचे, हे तो स्वतः तेव्हा ओरडून ओरडून सांगत होता.

ठीक, मग टिन मशीनचा वेगळा बॉक्स का नाही? इथेच मी खूप अडकलो होतो. पूर्ण तीन वर्षांची एकच ओळ केली होती शीटमध्ये आणि ती लालच राहत होती. पहिला अल्बम मे १९८९, ईएमआय, म्हणजे आजच्या हिशोबाने वॉर्नरच्या घरात. दुसरा सप्टेंबर १९९१, व्हिक्टरी म्युझिक, ज्याच्या मागे पैसा जपानच्या जेव्हीसीचा आणि वितरण पॉलिग्रामकडे. लाइव्ह अल्बम ऑय वे बेबी १९९२ चा, तोही व्हिक्टरीच. २०२० साली टिन मशीन टू परत छापला गेला तो म्युझिक ऑन व्हायनिल या डच लेबलवर, पार्लोफोनवर नाही. म्हणजे त्या अर्ध्याची वाट वेगळीच.

पण मग २०१९ चं टिन मशीनचं ते डिजिटल रिलीज आठवलं, पॅरिसच्या ला सिगाल सभागृहातल्या कार्यक्रमाचं, २५ जून १९८९ चं. ते पार्लोफोननेच काढलं होतं! आपण तेव्हा 'एवढंच?' म्हणून नाकं मुरडली होती, मीसुद्धा. पण त्याचा अर्थ किती मोठा आहे बघा, १९८९ चं लाइव्ह टिन मशीन काढायला त्यांना काहीच अडचण नव्हती. चौघांची संमती वगैरे सगळं जुळलं. अडलंय ते फक्त १९९१ पासून पुढचं. ओळ तोडली, दोन केल्या, आणि वरची लगेच लालची पिवळी झाली.

माझा अंदाज इथपर्यंत असा होता: २०२९ च्या मेमध्ये पहिल्या अल्बमची चाळिशी, तेव्हा पहिला अल्बम आणि ला सिगाल व्हायनिलवर, टिन मशीनच्याच नावाने, बॉक्सबिक्स काही नाही.

आणि हे टाइप करता करता एक गोष्ट डोक्यात आली जी आधी यायला हवी होती तुमच्यापैकी कोणाच्या तरी. नाव हाच निकष असेल तर या भोकात एक अख्खं वर्ष बोवीच्याच नावावर आहे. १९९०! साउंड अँड व्हिजन टूर, एड्रियन बेल्यू गिटारवर, छोटा बँड, जुनी हिट गाणी शेवटची म्हणून वाजवायची असं जाहीर करून काढलेली. फेम ९० पण त्याच वर्षीचं. आता कुठल्या टूरचं लाइव्ह रेकॉर्डिंग अधिकृतपणे आलंय त्याची यादी बघा. ७२ चं सँटा मोनिका आलंय, ७३ चं हॅमरस्मिथ, ७४ चं दोन-तीनदा, ७६ चं नॅसॉ, ७८ चं स्टेज आणि वेलकम टू द ब्लॅकआउट, ८३, ८७ चं माँट्रिअल, ९५ ते ९९ ची सहा लाइव्ह, २००० चं ग्लास्टनबरी, २००२ चं माँट्रो सहाव्या बॉक्समध्ये, २००३ पण. मोठ्या टूरपैकी फक्त १९९० चा अधिकृत लाइव्ह अल्बम नाही. बूटलेगवाल्यांनी (चोरून रेकॉर्डिंग काढणाऱ्यांनी) मात्र त्या वर्षी दिवाळी केली होती.

त्यामुळे प्लॅन बदलतोय. टिन मशीन खाली सरकवलं, १९९० ला वर घेतलं. स्वरूप आरएसडीचं (रेकॉर्ड स्टोअर डे) असणार, एप्रिलमधला शनिवार, दोन-तीन एलपी, उन्हाळ्यात सीडी. क्रॅक्ड अ‍ॅक्टर २०१७ ला आणि ब्लॅकआउट २०१८ ला असेच आले होते. एकच गोष्ट विरुद्ध जाते, घाई नाहीये. युरोपात न काढलेल्या रेकॉर्डिंगचं संरक्षण पन्नास वर्षांनी जातं, म्हणून तर २०१९ ला १९६८-६९ चे डेमो धडाधड आले, कीहोल, क्लेअरव्हिल ग्रोव्ह, मर्क्युरी आणि वर्षाअखेरीस सगळे एकत्र करून कॉन्व्हर्सेशन पीस. १९९० चं घड्याळ २०४० ला वाजणार. त्याउलट १९७६ चं डिसेंबर २०२६ ला वाजतंय, तेव्हा व्हँकुव्हरच्या रिहर्सलवर डोळा ठेवा, फेब्रुवारी १९७६ च्या, ज्यांचा बूटलेग तुमच्या सगळ्यांकडे आहे आणि कोणी कबूल करत नाही. मी ती ओळ आत्ताच वर घेतली.

साधनांबद्दल कोणीतरी विचारलं होतं. शीटच बरी, ते चकचकीत कलेक्शन अ‍ॅप मला झेपलं नाही, दर अपडेटला कॉलम हलवतं. कॅटलॉग नंबरसाठी डिस्कॉग्स ही साइट, पण तिथल्या तारखांवर आंधळा विश्वास नको, निम्म्या लोकांनी अंदाजे टाकलेल्या असतात.

आणि टिन मशीन टू कधी परत आलाच नीट तर माझी पैज कव्हरवर आहे. अमेरिकन आवृत्तीत त्या ग्रीक पुतळ्यांची अब्रू एअरब्रशने झाकली होती. माझ्या मते यावेळी पुतळे जसेच्या तसे येणार, आणि झाकलेलं कव्हर आत पोस्टर म्हणून देऊन वर पाच पाउंड जास्त लावणार. कोण घेतंय पैज?