तळपायांची आग आणि घड्याळाचा काटा

मधुमेहामुळे दोन्ही पायांच्या नसांना इजा झाली आहे, असं निदान झालं तेव्हा मला सगळ्यात जास्त छळत होती ती अंगावरची चादर. तिचा काठ पावलाला नुसता घासला तरी आग आग व्हायची. जखम नाही, सूज नाही, मग दुखतंय काय, हा घरच्यांचा प्रश्न साहजिकच होता. नसच बिघडली की ती साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून मेंदूला कळवते, हे डॉक्टरांनी समजावलं आणि मला हायसं वाटलं. ठणका तेवढाच होता, पण आता त्याला कारण होतं.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं देतात. त्यांतली काही फिट्सवरही देतात, काही नैराश्यावर. त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव शोधून पाहिलं की माणूस दचकतो. मला प्रीगाबालिन सुरू झालं. डोस हळूहळू वाढवतात आणि नीट गुण यायला काही आठवडे जातात. हा काळ फार अवघड असतो. गुंगी आणि चक्कर लगेच येते, आराम मात्र सावकाश. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, डोकं स्थिर झालं की मगच उभं राहायचं, हे तेव्हा अंगवळणी पडलं. ही गोळी एकदम बंद करायची नसते, म्हणून पाकिटात थोड्याच गोळ्या उरल्या की मी नवीन आणून ठेवते.

पण माझं रोजचं जगणं खरं बदललं ते घड्याळामुळे. बऱ्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायची आणि त्याची भरपाई म्हणून पुढचे दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र जुनाट दुखण्याच्या बहुतेकांना ओळखीचं असेल. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, ‘दुखायला लागलं की थांबायचं, असं करू नका. वेळ संपली की थांबा.’ त्रासाच्या दिवशीही झेपेल एवढीच वेळ ठरवायची आणि बऱ्या दिवशीही तेवढ्यावरच थांबायचं. हे ऐकायला सोपं आहे. ओट्यापाशी उभी असताना गजर वाजतो, पाय अगदी ठीक असतात, चार भांडी उरलेली असतात आणि ती तशीच सोडून खुर्चीत बसायचं असतं! सुरुवातीला मला फार चुटपुट लागायची. पण अंथरुणात जाणारे दिवस कमी झाले, मग चालण्याची वेळही थोडी थोडी वाढवता आली. दुखतंय म्हणून चालणं सोडलं तर स्नायू ढिले पडतात, साखर चढते, आणि साखर चढी राहिली की नसांना पुन्हा इजा होते. म्हणून थोडं का होईना, चालणं रोज होतंच.

रात्री दुखणं वाढतं, कारण लक्ष गुंतवायला दुसरं काहीच नसतं. चादरीचा प्रश्न एका पुठ्ठ्याच्या खोक्याने सोडवला. एक बाजू कापलेला मोठा खोका पायथ्याशी आडवा ठेवायचा, पावलं त्यात, चादर त्याच्यावरून. कापडाचा स्पर्श टळला आणि झोप लागू लागली. मला वाटतं, झोप मिळाली की दुसऱ्या दिवशी दुखणं निम्म्याने तरी सोसवतं.

या आजारात जो पाय आगीने जळतो, तोच पाय बधिरही असू शकतो. नवख्या माणसाला हे पटत नाही, पण सगळ्यात जास्त जपायचं ते इथेच. पाण्याचा अंदाज मी पायाने कधीच घेत नाही, कोपर बुडवून घेते. गरम पाण्याची पिशवी पायाला लावत नाही, कारण भाजलेलं कळत नाही. रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते. चपला-बूट घालण्याआधी आत हात फिरवते. घरातही अनवाणी नाही.

‘नसांना ताकद यावी’ म्हणून मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, आधी तपासणी करा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं आणि ती कमतरता स्वतःच नसांना इजा करते. ती भरून काढायलाच हवी. उलट बी-६ जास्त डोसमध्ये बराच काळ घेतलं तर त्यानेही नसा बिघडतात.

आणि पायातली शक्ती अचानक गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर घरी काहीही करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. तळव्यावर न भरणारी जखम किंवा काळपट डाग दिसला, तर तो दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.